आमच्या द्राक्षबागेत ते कधीच पोचलंय

‘अळिंबीतले रोगजंतुनाशक गुण अजून प्रयोगशाळेबाहेर आलेले नाहीत’ हे अळिंबीवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. निफाडकडे आमची द्राक्षबाग आहे. भुरी आणि केवडा या द्राक्षावरच्या रोगांसाठी आम्ही अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक फवारतो, त्याचं मूळ अळिंबीतच आहे! पाइनच्या गळालेल्या शंकूंवर उगवणाऱ्या चिमुकल्या अळिंबीत जर्मन संशोधकांना १९७७ साली स्ट्रोबिल्युरिन हे द्रव्य सापडलं. ते दुसऱ्या बुरशीच्या पेशींतली ऊर्जानिर्मितीच बंद पाडतं. मूळ द्रव्य उन्हात टिकत नाही, म्हणून त्याची रचना बदलून १९९६ मध्ये अझॉक्सिस्ट्रोबिन बाजारात आलं. माणसांच्या औषधांचंही तेच. १९५१ साली अळिंबीतून मिळालेल्या प्ल्युरोम्युटिलिन या द्रव्यापासून लेफाम्युलिन हे प्रतिजैविक बनलं आणि २०१९ मध्ये अमेरिकेत न्यूमोनियासाठी मंजूर झालं.

लेखात खरं तर यायला हवी होती ती प्रतिकारशक्तीची गोष्ट, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीच्या प्रतिकारशक्तीची. एका हंगामात आम्ही अझॉक्सिस्ट्रोबिनच लागोपाठ मारलं. सुरुवातीला बाग स्वच्छ राहिली, नंतर केवडा दाद देईना, घडच्या घड गेले. आता हंगामात दोनपेक्षा जास्त फवारण्या याच्या घेत नाही, त्याही वेगळ्या गटातल्या बुरशीनाशकासोबत.