गिरणीतल्या बायकांबद्दलच्या त्या मेसेजविषयी

"पूर्वी बायका घरीच असायच्या, मुंबईच्या गिरण्यांत फक्त पुरुष राबायचे" असा मेसेज सगळीकडे फिरतोय, परवा मीपण न वाचताच पुढे ढकलला, सॉरी. खरं तसं नाहीये. वाइंडिंग, रिळिंग (म्हणजे सूत गुंडाळायच्या) खात्यांत बायकाच जास्त असायच्या, त्यांच्यावर नायकीण (म्हणजे बाई मुकादम) असायची, आणि लहान पोरं झोपून राहावीत म्हणून अफूची बाळगोळी देऊन कामावर जावं लागायचं (हे वाचून मला दोन दिवस कसंतरीच झालं). कायदेच बघा ना, 1891 मध्ये बायकांचे कामाचे तास दिवसाला 11 वर आणले, 1929 ला मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, बायका कामावर नव्हत्याच तर हे कोणासाठी? शिवाय गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका वेगळ्याच. तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.