कढीपत्ता कोणत्या ग्रुपात बसतो?

माझा कढीपत्ता पिवळा पडला, तेव्हा त्याला काय झालंय यापेक्षा मोठा प्रश्न होता तो विचारायचं कुठे हा.

पूर्वी हे सोपं होतं. आमच्या भागातल्या गच्ची-बाल्कनीत बाग करणाऱ्यांचा एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. गुलाबवाले, भाजीवाले, निवडुंगवाले आणि घरात एकही झाड नसताना पहाटे दुसऱ्याच्या फुलांचा सुप्रभात पाठवणारे, सगळे तिथेच. २०१६ साली ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ झाली, तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. २०२२ मध्ये ती १०२४ वर गेली. तोवर आमच्यातली पंचवीस माणसंही एका ठिकाणी नांदायला तयार नव्हती.

पहिली फूट जीवामृत या घरगुती सेंद्रिय खतावरून पडली. एका ताईंनी बाल्कनीत शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून फोटो टाकला. दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण हे एकराचं माप. ताईंनी ते भागाकार करून बादलीवर आणलं होतं. खाली एका काकांनी लिहिलं, ‘शेजाऱ्यांचा पत्ता पाठवा, सांत्वनाला जायचंय.’ काका १९:१९:१९ या रासायनिक खतवाले. नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात, चिमूटभर पाण्यात विरघळवा आणि हात धुवा. रात्रीपर्यंत विषय खतावरून संस्कारांवर गेला आणि सकाळी ‘विषमुक्त बाग’ हा नवा ग्रुप निघाला. मग त्यातही शेण देशी गाईचं की जर्सीचं, यावरून आणखी एक फुटला. गाय कोणाकडेच नव्हती.

बोन्सायवाल्यांना कोणीतरी ‘झाडांचा छळ करता’ म्हणालं, ते गेले. अ‍ॅडेनियम या जाड खोडाच्या शोभेच्या झाडावाले मात्र कोणाशी भांडले नाहीत. आपापल्या गाठाळ खोडांचे फोटो घेऊन ते गुपचूप बाहेर पडले. एकेका कुंडीची किंमत चारचौघांत सांगण्यासारखी नसते. शेवटी या सगळ्याला कंटाळलेल्यांनी ‘फक्त गप्पा’ काढला. तिथे झाडांविषयी बोलायला बंदी आहे आणि सगळ्यात जास्त वर्दळ तिथेच आहे.

मी या सगळ्या ग्रुपांत आहे. भांडणात बाजू न घेणाऱ्याला एवढी शिक्षा पुरते.

तर कढीपत्ता. ‘विषमुक्त’मध्ये उत्तर आलं, ‘कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे लोह कमी. आंबट ताकात गंजका खिळा टाका, दोन दिवसांनी पाणी घालून ओता.’ १९:१९:१९ वाले काका म्हणाले, ‘चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येतं ते, फवार. ताक माणसांनी प्यायचं असतं.’ ‘आपली परसबाग’वर प्रश्न उडवला गेला, कारण नियम क्रमांक तीननुसार तिथे फक्त भाज्या चालतात आणि कढीपत्ता हा फोडणीचा जिन्नस ठरतो. मला ‘मसाला आणि औषधी’कडे पाठवलं. तिथल्या अ‍ॅडमिन ‘परसबाग’च्याच ताई निघाल्या. इथे त्यांनी माझं स्वागत केलं, गुलाबाचं फूल दिलं आणि प्रश्न रविवारी विचारायचे असतात असं सांगितलं.

फुलपाखरूवाल्यांना मी विचारलंच नव्हतं. पण कोणीतरी फोटो तिकडे ढकलला आणि ते हरखून गेले. पिवळ्या पानाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शेजारच्या पानावर मला जी पक्ष्याची शिट वाटत होती, ती म्हणे कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी. लहानपणी तशीच दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. ‘हात लावू नका, दादा! पानं काय, परत येतील.’

अखेर मी एका आजोबांना फोन केला. मूळ ग्रुप फुटला तेव्हा तेही बाहेर पडले आणि नंतर कुठेच गेले नाहीत. ‘मी एका वेळी एकाच ठिकाणी भांडतो,’ असं त्यांचं म्हणणं.

‘मातीत बोट घाल. ओली आहे?’

‘चिखल आहे.’

‘मग कुंडीचं भोक बुजलंय. मुळं गुदमरली की मातीत लोह असून झाडाला मिळत नाही. भोक मोकळं कर आणि माती वाळेपर्यंत पाणी बंद.’

म्हणजे लोहवाले बरोबर होते, पण अर्धेच. पूर्वी हेच आजोबा ताकवाल्या ताई आणि खतवाले काका यांच्या बरोबर मधे, तिसऱ्या मेसेजला हे लिहून मोकळे झाले असते. वर दोघांना एकेक टोमणा फुकट.

काही आठवड्यांनी हिरवीगार पालवी फुटली. मी फोटो सगळीकडे टाकला. ‘विषमुक्त’ने ताकाचा जयजयकार केला. काकांनी ‘लोह दिलंस ना शेवटी?’ म्हणून अंगठा उंचावला. ‘परसबाग’ने फोटो काढून टाकला, नियम क्रमांक तीन. ‘मसाला’वाल्या ताईंनी रविवारी अभिनंदन केलं.

फुलपाखरूवाल्यांकडून तेवढी एकच ओळ आली, ‘अळी कुठाय?’