अर्धवट क्लिपबद्दल : माजलगावच्या वाचकाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

'पोलीस कुणाला मारत असतील तर मध्ये पडू नका, हुज्जत घालू नका, लांब उभं राहून शूट करा' असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. चिडून लिहिलीय, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सवडीने उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमचा धाकटा भाऊ जालन्याला राज्य राखीव पोलीस दलात आहे. बंदोबस्तात तो दिवसभर उन्हात उभा राहतो, दगड खातो, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरते ती वीस सेकंदांची क्लिप. तिच्यात त्याची काठी दिसते, आधी आलेला दगड दिसत नाही. अशा क्लिपांनी गावं पेटतात, पोलिसांचं खच्चीकरण होतं आणि कोर्टात त्याचं काहीच होत नाही. शिवाय ठाण्यात शूटिंग करणं हा गुन्हा आहे. शेवटी तुम्ही विचारता, 'तुम्ही पोरांच्या हातात काडेपेटी का देताय?'

दगडाचं आधी बोलू. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला, तेव्हा पोलीसही जखमी झाले होते. ते मी नाकारत नाही, कुणी नाकारूही नये. पण त्या संध्याकाळी उपोषणाच्या मांडवात काय झालं ते महाराष्ट्राला कळलं कशातून? लोकांनी जागेवर काढलेल्या व्हिडिओंतून. ४ सप्टेंबरला गृहमंत्र्यांनी जाहीर माफी मागितली, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. नुसत्या पोलीस प्रेसनोटवर तीन दिवसांत माफी आली असती का? मला नाही वाटत. आणि 'आधी दगड की आधी लाठी' हा वाद अजून चालतो. तो मिटायचा तर आणखी व्हिडिओ लागतील, कमी नव्हे. क्लिप अर्धवट आहे ही तक्रार रास्त आहे. मग अलीकडची-पलीकडची पाच मिनिटंही मागू ना. तुमच्या भावाला लागलेला दगड कुणाच्या तरी फोनमध्ये असेलच. तो फोन बंद ठेवायला सांगून भावाचा काय फायदा?

सरकारचाही मोबाइलवर विश्वास आहे, हे लक्षात घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १०५ सांगतं की झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करा, शक्यतो मोबाइलवर. म्हणजे पोलिसाच्या हातात मोबाइल असला की पुरावा, आणि शेतकऱ्याच्या पोराच्या हातात असला की काडेपेटी?

आता परभणी. माझा सगळा लेख ज्या मुद्द्यावर उभा होता तो इथं आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही.

परभणीचा ख्वाजा युनूस हा तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. घाटकोपरच्या बसस्फोटाच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. सीआयडीच्या तपासात ही कथा टिकली नाही, पोलिसांवरच आरोपपत्र आलं. पण मृतदेह कधीच मिळाला नाही. कोठडीत त्याला मारताना पाहिलं, असं सांगणारा माणूस होता तो त्याच प्रकरणातला सहआरोपी. आरोपीच्या शब्दाला आपल्याकडे किती किंमत असते ते तुम्ही-आम्ही जाणतो. खटला वीस वर्षांहून जास्त रेंगाळला.

त्याच परभणीत १० डिसेंबर २०२४ ला डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, आणि मग वस्त्यांमध्ये पोलिसांची धरपकड. रस्त्यावरचं आणि गल्लीतलं बरंचसं लोकांच्या मोबाइलमध्ये आलं. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात शवविच्छेदन झालं, प्राथमिक अहवालात कारण आलं : अनेक जखमांमुळे बसलेला शॉक. विधानसभेत मात्र सांगण्यात आलं की सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. त्याच्या आईच्या याचिकेवर औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवायला सांगितलं. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही ३० जुलैला आदेश कायम राहिला.

गल्लीत जे झालं त्याचे दहा फोन साक्षीदार होते. ठाण्याच्या दारातून आत गेल्यावर साक्षीदार एकच, भिंतीवरचा कॅमेरा. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं : लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्याची खोली, शौचालयाबाहेरची जागा, आवाजासकट, रात्री दिसेल असे. आणि ते चालू ठेवायची, रेकॉर्डिंग जपायची जबाबदारी कुणावर टाकली? ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर. ज्याच्या ठाण्यातल्या मारहाणीची तक्रार, त्याच्याच कपाटात पुरावा. 'नेमका त्या दिवशी कॅमेरा बंद होता' हे वाक्य तुम्ही कधी ऐकलं नसेल तर तुम्ही नशीबवान. म्हणून अर्धवट क्लिपचा राग मला पोरांचा येत नाही, या कॅमेऱ्याचा येतो.

'कोर्टात काही होत नाही' हे तुमचं वाक्य तर जालन्यातल्याच एका निकालाशी जुळत नाही. २०१४ ची विधानसभा निवडणूक आठवा. अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची वेळ टळून गेल्यावर घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं आणि सगळ्या देशासाठी नियम पक्का केला : व्हिडिओची कॉपी द्यायची तर ती कोणत्या उपकरणातून, कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र सोबत हवंच, मूळ उपकरण स्वतः कोर्टात हजर करून ते आपलं आहे असं मालकाने साक्षीत सांगितलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, आणि समोरचं खातं मागूनही प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा. आता हेच भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा) भरावी लागते.

यातून गावातल्या पोराने घ्यायचं ते एवढंच : ज्या फोनमध्ये शूट केलं तो फोन विकू नको, फॉरमॅट मारू नको, मूळ फाइल कापू नको, गाणं लावू नको. व्हॉट्सॲपवर गेलेली क्लिप दाबून लहान होते, तारीख-वेळेची मूळ माहितीही निघून जाते; कोर्टाला पाहिजे ती फोनमधली फाइल. वकिलाला आधी, ग्रुपला नंतर. ग्रुपला अजिबात नाही टाकली तरी बिघडत नाही, आणि बायाबापड्यांचे, लेकरांचे चेहरे असतील तर टाकूच नये. इथं माझं-तुमचं एकमत व्हायला हरकत नाही.

ठाण्यातलं शूटिंग गुन्हा असतो का? शासकीय गुपिते कायद्याखाली तरी नसतो. तो कायदा लावायची सवय आपल्या पोलिसांना आहे खरी. पण २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की त्या कायद्यातल्या प्रतिबंधित जागांमध्ये पोलीस ठाणं येत नाही. पाथर्डी ठाण्यातल्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगवर याच कायद्याखाली गुन्हा नोंदला होता, तो भाग २०२४ मध्ये आपल्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केला. बाकीची कलमं मात्र राहिली, हेही सांगितलं पाहिजे. रेकॉर्डिंग करतो म्हणून दमदाटी करायचा परवाना मिळत नाही. 'तीनशे त्रेपन्न लावीन' (सरकारी कामात अडथळा) हा दम आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ च्या नावाने मिळतो. ते लागतं हल्ला केला, बळ वापरलं तर. म्हणून माझा हट्ट होता की लांब उभं राहा आणि तोंड बंद ठेवा. जमादाराने फोन घेतलाच तर झोंबू नका, जप्तीचा पंचनामा मागा.

तुम्ही विचाराल की पोरांनी नाही तर मग कुणी काय करायचं. ठाण्याचं फुटेज मागायचं. कोठडीत माणसाला मार बसल्याची तक्रार असेल तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या : तारीख, वेळ, कोणत्या खोलीतला कॅमेरा, आणि 'हे फुटेज जतन करावं' एवढी ओळ. पोच घ्या. २०२० च्या निकालाप्रमाणे रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं आहे, तेवढ्या साठवणीची यंत्रणा मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली नाही. मानवी हक्क आयोग ते मागवू शकतो. प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समितीही नेमायला सांगितलीय, तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक आहेत, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुखही. अर्जाच्या प्रती त्या सगळ्यांना पाठवा. माजलगावात असा अर्ज लिहायची वेळ कुणावर आली तर मला कळवा, मसुदा मी करून देतो.