पत्रा चढण्याआधी तपासा
घरी बांधलेल्या विमानांच्या सरकारी तपासणीला तुमच्या लेखात ‘कागदी अडथळा’ म्हटलंय, ते पटलं नाही. अमोल यादवांनी मुंबईत गच्चीवर विमान बांधलं. नोंदणी 2017 मध्ये आणि उड्डाणाचा परवाना 2019 मध्ये. ती दिरंगाई मलाही खुपते. पण मी गोव्यातल्या वास्कोत विमान दुरुस्तीत उमेदीची वर्षं काढली आहेत. इथल्या खाऱ्या हवेत रिवेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या, डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली, की आत अॅल्युमिनियम खाल्लं जातंय हे समजायचं. पंखावर पत्रा चढल्यावर आतलं कोणाला दिसणार? म्हणून निरीक्षकाने पंख उघडा असतानाच यावं, लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार, बोटाने चाचपून बघावी. आणि गोव्यात कोणी पोर विमान बांधत असेल, तर त्याने प्रत्येक जोडाचे फोटो आजपासूनच काढून ठेवावेत.