बदली कामगार म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलं. मित्रयादीतल्याच एका महाशयांनी लिहिलंय, "सब्बाथ म्हणजे ऑझी. डिओ काय, बदली कामगार!" आणि खाली लाईकचा पाऊस. (सब्बाथ म्हणजे ब्लॅक सब्बाथ, हेवी मेटल बँड. ऑझी ऑस्बर्न त्याचा मूळ गायक, डिओ त्याच्या जागी आलेला.) नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

अहो, गिरणीतला बदली कामगार काय करायचा? गैरहजर माणसाच्या मागावर उभा राहून त्याचंच कापड विणायचा. रॉनी जेम्स डिओ १९७९ साली ब्लॅक सब्बाथमध्ये आला आणि त्यानं आख्खा मागच बदलला.

पण आधी ट्रंपेट. कारण सगळं तिथून सुरू होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड गावी वाढलेल्या या पोराच्या हातात लहानपणीच ट्रंपेट आलं. गाण्याची रीतसर तालीम त्यानं कधीच घेतली नाही. श्वास कसा घ्यायचा ते ट्रंपेटनं शिकवलं, असं तो स्वतः सांगायचा. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमधल्या कुठल्याही ट्रंपेटवाल्याला विचारा. खांदे उचलून छातीच्या वरच्या भागात हवा भरली, तर लांब सूर अर्ध्यातच डुगडुगतो. हवा खाली भरायची, बरगड्या बाजूंना उघडून, आणि पोटाच्या स्नायूंनी धरून धरून सोडायची. गळ्यानं मध्ये पडायचं नाही. बरेच रॉक गायक नेमकं उलटं करतात. ड्रम्सच्या वर आवाज जावा म्हणून गळा आवळतात, स्वरतंतू रोज एकमेकांवर आपटतात, त्यांवर गाठी येतात आणि पन्नाशीत जुनी गाणी एखाद-दोन सूर खाली उतरवावी लागतात. आपण ज्याला दमसास म्हणतो ना, तो डिओकडे होता. संगीत नाटकं ऐकून वाढलेल्यांना मी हे काय सांगणार!

आता प्रवास बघा. शाळेपासून बँड, त्यात सुरुवातीला तो बास वाजवायचा. १९६७ मध्ये इलेक्ट्रिक एल्व्ह्ज, त्याचंच पुढे एल्फ झालं. १९७२ च्या पहिल्या अल्बमवर त्यानं आपलं खरं आडनाव लावलं, पडावोना. आईवडिलांना ते एकदा तरी छापलेलं दिसावं म्हणून. (इथे माझा राग जरा उतरतो.) एल्फ डीप पर्पल या बड्या बँडच्या आधी स्टेजवर जायचा, तिथे त्यांचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर यानं हा आवाज हेरला. १९७५ मध्ये त्यानं गिटारवाला सोडून जवळजवळ सगळा एल्फच उचलून रेनबो हा नवा बँड उभा केला. पहिला अल्बम झाल्यावर बाकी सगळ्यांना नारळ दिला, ठेवलं फक्त डिओला. बदली कामगाराला असं ठेवतात का हो?

रेनबोचं १९७६ चं 'स्टारगेझर' काढून ऐका. आठ मिनिटांच्या वर गाणं. शेवटाकडे म्युनिकचा ऑर्केस्ट्रा, खाली कोझी पॉवेलचे ड्रम्स, आणि या सगळ्यावरून तो आवाज जातो. ट्रंपेट असंच जातं. नुसतं मोठ्यानं वाजून नाही, तर सुराच्या सुरुवातीलाच पूर्ण दाब असतो म्हणून.

पुढे ब्लॅकमोरला रेडिओवर वाजतील अशी गाणी हवी झाली, डिओला नको होती. सुटला.

आणि मग सब्बाथ. इथे नीट लक्ष द्या, महाशय. ऑझीच्या काळात गिटारिस्ट टोनी आयोमीची रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारी ओळ, जिकडे जायची, तिकडेच बऱ्याचदा आवाज जायचा. 'आयर्न मॅन' गुणगुणून बघा, गिटार आणि गाणं एकाच रुळावर. डिओ रिफला आडवा गायला लागला. त्यामुळे आयोमीला गाण्याखाली कॉर्ड बदलायची मोकळीक मिळाली आणि गाण्यांची बांधणीच पालटली. तोवर शब्द मुख्यतः बासवाला गीझर बटलर लिहायचा, ते कामही डिओनं घेतलं. १९८० च्या 'हेवन अँड हेल'मध्ये कडवं सुरू झालं की गिटार बाजूला होते, बास एकटाच धडधडत राहतो आणि आवाजाला टेकायला भिंतच उरत नाही. तिथे कच्चा श्वास लगेच उघडा पडतो. याचा पडत नाही.

हो, ऑझीच्या आवाजात जी अवदसा होती ती डिओला कधी जमली नसती. मान्य. डिओच्या शब्दांत ड्रॅगन आणि इंद्रधनुष्यं जरा जास्तच. तेही मान्य. बस्स.

१९८२ मध्ये लाइव्ह अल्बमच्या मिक्सिंगवरून भांडण. यानं गुपचूप आपला आवाज वाढवला, असा आरोप. यानं शेवटपर्यंत नाकारला. ड्रमर व्हिनी अपिसीला घेऊन बाहेर पडला आणि १९८३ मध्ये स्वतःच्या नावाच्या बँडचा 'होली डायव्हर' आणला. तोवर चाळिशी ओलांडली होती! (त्या बँडचा गिटारिस्ट व्हिव्हियन कॅम्पबेलशी पुढे पैशांवरून बिनसलं, त्यात डिओची बाजू घ्यायला मीही जाणार नाही.) १९९२ मध्ये परत सब्बाथ, आणि ऑझीच्या निरोपाच्या कार्यक्रमात त्याच्या आधी गायला साफ नकार. तिथे जुडास प्रीस्ट बँडवाल्या रॉब हॅलफर्डनं वेळ निभावली. म्हणजे बदली कामगार शोधायचाच असेल तर तो त्या दिवशी हॅलफर्ड होता, आणि त्याला कोणी तसं म्हणत नाही!

२००६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं सब्बाथचे मूळ चौघे घेतले, डिओला वगळलं. अशा पोस्टींना खतपाणी तिथूनच मिळतं.

असो. चिडून काय होणार. पुढे १९९२ चेच चौघे, आयोमी, बटलर, अपिसी आणि हा, 'हेवन अँड हेल' या नावानं फिरले. ऑगस्ट २००९ मध्ये अटलांटिक सिटीला शेवटचा कार्यक्रम, वय ६७. काही महिन्यांत पोटाच्या कर्करोगाचं निदान, १६ मे २०१० ला गेला. पोटाचाच. जिथे ट्रंपेटनं त्याला हवा धरायला शिकवलं, तिथलाच.

महाशय, आज रात्री हेडफोन लावा आणि 'हेवन अँड हेल'चं पहिलं कडवं ऐका. गिटार थांबते ना, तिथून. मग त्या जागी ऑझीला गाताना कल्पून बघा आणि कमेंटमध्ये या. मी जागा आहे.