‘एसीतले अहवाल’ म्हणणाऱ्या वाचकास

‘स्पष्टवक्ता’ यांस,

विद्यापीठीय संशोधन संस्था आणि सरकारी धोरणं यांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘एसीत बसून अहवाल खरडणारी ही मंडळी. पैसा सरकारचा, निष्कर्षही सरकारचाच. तुम्ही तरी कधी शेताचा बांध पाहिलाय का? गाडगीळ-दांडेकरांचं पुराण अजून किती दिवस?’

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘खरडणारी’? टोपणनावाच्या आडून असं लिहायला फार धाडस लागत नाही. लेखात गाडगीळ, दांडेकर या अर्थतज्ज्ञांची जुनी उदाहरणं जास्त झाली, एवढं मात्र मान्य.

आता बांधाचं. माझी पहिली नोकरीच कृषी विद्यापीठाच्या पीक उत्पादनखर्चाच्या योजनेत. मुक्काम गावातच, निवडलेली दहा शेतकरी कुटुंबं आणि हंगामभर त्यांच्या दारी फेऱ्या. बैलजोडी किती तास चालली, रोजंदारीवर किती माणसं, शेणखत किती गाड्या, सगळं तक्त्यात भरायचं. एका घरी निंदणीचं विचारलं तर शेतकरी म्हणाला, ‘मजूर नव्हतेच.’ मागे मोरीवर त्याची बायको आणि सून हातापायाची माती धूत होत्या. ‘घरच्यांचं काय धरायचं, साहेब?’

अहो, तेच तर धरायचं असतं! हमीभावाच्या चर्चेत ‘ए-टू अधिक एफएल’ म्हणतात, त्यातलं ‘ए-टू’ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च आणि ‘एफएल’ म्हणजे हे घरच्यांचे कष्ट. महाराष्ट्रात हे आकडे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ गोळा करतं आणि दिल्लीत कृषी मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना ते वापरतो. आपण सी-टूवर दीडपट भावाचे मेसेज पुढे ढकलत असाल, तर ती सी-टू, म्हणजे स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही धरून काढलेला खर्च, तीसुद्धा याच तक्त्यांतून निघते. कुणीतरी चिखल तुडवून ते भरलेले असतात. मी भरलेत. आपण?

पैशाबद्दल एवढंच. १९८३ साली राज्य सरकारनेच गोखले अर्थशास्त्र संस्थेचे माजी संचालक वि. म. दांडेकर यांची समिती नेमली. १९८४च्या अहवालात तिने प्रादेशिक विकासाचा सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष काढून सरकारच्याच पुढ्यात ठेवला. सरकारला हाच निष्कर्ष हवा होता असं आपल्याला वाटत असेल, तर वाटो. बाकीच्या शेऱ्यांत उत्तर द्यावं असं काही सापडलं नाही.

पुन्हा जरूर लिहा. खऱ्या नावाने लिहिलंत तर उत्तर लवकर देईन.