खुलासा : जून अल्मेडा आणि 'कोविडचा विषाणू'

'कोविडचा विषाणू १९६४ सालीच जून अल्मेडा यांनी शोधला होता, मग तो नवा कसा?' हा मजकूर फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य माझ्याच जुन्या पोस्टमधलं आहे. ते चुकीचं होतं.

विषाणूतज्ज्ञ अल्मेडाबाईंनी पाहिला तो कोरोना कुळातला, पण वेगळा विषाणू. सर्दी झालेल्या एका शाळकरी मुलाच्या नमुन्यातला. नोंद 'बी ८१४'. सर्दीवर संशोधन करणाऱ्या डेव्हिड टायरेल यांच्या पथकाला तो नेहमीच्या पद्धतीने वाढवता येईना, म्हणून नमुना लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात अल्मेडाबाईंकडे आला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांभोवती काट्यांची झालर दिसली. दोघांचा शोधनिबंध १९६७ मध्ये आला, 'कोरोना' हे नाव १९६८ मध्ये. कोविडचा विषाणू २०१९ च्या अखेरीस आढळला. आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही, तसंच हे.

ग्लासगोच्या या मुलीने सोळाव्या वर्षी शाळा सोडून हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. पुढे अँटिबॉडी घालून विषाणूंचे पुंजके करायचे आणि मग फोटो घ्यायचा, हे तंत्र त्यांनी कसबाने वापरलं. रुबेलाचा विषाणूही त्यांनी असाच टिपला. (खरं तर पोस्ट यावरच लिहायला हवी होती.)

मूळ पोस्ट मी काढली आहे. तिचा स्क्रीनशॉट आला तर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.